माठातला आवाज आणि तुझे बारा व्होल्ट

प्रिय एसएमपीएस,



तुझं नाव आमच्याकडे सहसा तू बंद पडल्यावरच निघतं. संगणक चालतो तोवर लोक स्क्रीनकडे पाहतात, कीबोर्ड पुसतात आणि टेबलाखालच्या अख्ख्या पेटीला 'सीपीयू' म्हणून मोकळे होतात. त्या पेटीच्या मागच्या कोपऱ्यात, पंख्याच्या जाळीआड बसून भिंतीतली वीज घेणारा आणि आतल्या प्रत्येक भागाला सोसेल एवढाच घास भरवणारा तू असतोस, हे एक दिवस सगळं अंधारल्यावर कळतं. मग दुकानदार म्हणतो, "एसएमपीएस उडाला." उडाला नसला तरी संगणक जुना झाला की त्याच्यासोबत तूही भंगारात जातोस. तुझं वय झालं का, हे कुणी विचारत नाही.

आमच्या घरी मात्र तू सहा वर्षांपासून रोज कामावर आहेस. आत्ता हे लिहितानाही माझ्यासमोर आहेस. मागच्या खोलीतल्या कट्ट्यावर, दोन विटांवर, पंख्याला हवा मिळेल असा. शेजारी बाबांच्या गाडीतला टेप. खाली तिवईवर दोन माठ, त्यांच्या तोंडाशी स्पीकर बसवलेले. आणि तुझ्या लाल तारेवर इंडिकेटरचा एक बल्ब, मंद नारिंगी. येणारा-जाणारा विचारतो, "हे काय केलं?" त्याला दरवेळी तुकड्यातुकड्यांनी सांगते. आज सगळं तुलाच, आणि सर्वांसमोर सांगावं म्हणून हे पत्र.

बाबांची काळी-पिवळी वर्धा ते सेलू चालायची. पहिल्या फेरीला पवनारच्या पुलावरून धाम नदी ओलांडताना टेपवर तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं लागलेली असायची. दुधाचे कॅन, कॉलेजची पोरं, सेवाग्रामच्या दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं, सगळ्यांच्या अंगाखालून ती थाप जायची. गाडीचं आयुष्य संपलं आणि ती भंगारात निघाली, तेव्हा बाबांनी चार वस्तू काढून ठेवल्या: टेप, सहा इंची दोन स्पीकर, डॅशबोर्डवरचं एक खटक्याचं बटण आणि इंडिकेटरचे बल्ब. त्यानंतर ते घरी बसले आणि हळूहळू बोलायचे कमी झाले. मोबाइलवर भजन लावून दिलं तर दोन मिनिटं ऐकायचे आणि परत द्यायचे. म्हणायचे, "याच्यात खंजिरी कुठी हाय? निस्त्या टाळ्या ऐकू येतात." ते बरोबर बोलत होते. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरला खालचे सूर काढताच येत नाहीत. खंजिरीच्या चामड्याचा घुमारा तिथे पोचतच नाही, वरची झांज तेवढी उरते.

त्याच सुमारास सेलूतलं एक सायबर कॅफे बंद झालं. सगळं मोबाइलवर यायला लागल्यावर तिथे बसायला कुणी येईना. त्यांचा एक जुना संगणक मी थोडक्या पैशांत आणला, माझ्या टायपिंगच्या कामासाठी. त्यात तू होतास. एका रात्री पेटी उघडून धूळ काढताना तुझ्या कुशीवरचा कागद वाचला. पिवळी तार, अधिक १२ व्होल्ट. गाडीची बॅटरी किती व्होल्टची असते हे ड्रायव्हरच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. रस्त्यावरची गाडी आणि टेबलावरचा संगणक या दोन निराळ्या जगांत तो एक आकडा सारखा निघाला.

नाहीतर गाडीचा टेप घरात वाजवायचा म्हणजे बॅटरी आणि चार्जर घ्यायचा, किंवा बाजारातून जडशीळ ट्रान्सफॉर्मर. आमच्याकडच्या अँप्लिफायरमध्ये अजूनही '१२-०-१२' चा ट्रान्सफॉर्मर बसवतात, हातात घेतला तर वरवंट्यासारखा. विजेच्या एका सेकंदातल्या ५० हेलकाव्यांवर चालायचं तर लोखंडाचा गाभा तेवढा मोठा लागतोच. तुझी रीत वेगळी. भिंतीतली २३० व्होल्टची वीज तू आधी सरळ करतोस, ती साधारण ३२५ व्होल्टपर्यंत चढते. मग सेकंदाला हजारो वेळा तिचे तुकडे पाडतोस, आणि एवढ्या वेगाच्या विजेला लिंबाएवढा ट्रान्सफॉर्मर पुरतो. १९७७ च्या अॅपल-२ संगणकासाठी रॉड होल्ट यांनी असाच हलका वीजपुरवठा तयार केला होता. १९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा त्यातल्या तुझ्या पूर्वजाची ताकद ६३.५ वॅट होती. आणि १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्सचा नमुना ठरवला, त्यात तुझ्या तारांचे रंग आणि जोड पक्के झाले. म्हणून तैवानात घडलेला डबा असो की चीनमध्ये, त्याची पिवळी तार सेलूतही बाराच दाखवते.

पण त्या रंगांनीच पहिल्या दिवशी मला अडवलं. टेपच्या मागून तारांचा झुबका निघतो, त्यातही पिवळी, लाल, काळी असते. मी पिवळीला पिवळी, लालला लाल, काळीला काळी जोडली. टेप मेलेलाच. उलटसुलट करण्याआधी, नशीब, मी वर्ध्याला गेले. तिथे एका गल्लीत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक काका बसतात. त्यांनी टेप हातात घेतला, माझं ऐकलं आणि म्हणाले, "पोरी, रंग पाहून सोयरीक नाही जुळवत. आधी मीटर लाव." मग एकेक तार मोजून दाखवली. टेपची पिवळी तार थेट बॅटरीची, वेळ आणि स्टेशनं लक्षात ठेवणारी. लाल तार चावीची. चावी फिरली की तिच्यात बारा व्होल्ट येतात आणि टेप जागा होतो. तुझी लाल मात्र पाच व्होल्टची. चावीच्या तारेला पाचच मिळाले, म्हणून तो उठला नाही.

पुढचं त्यांनी सांगितलं ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. टेपची निळी तार बाहेरच्या अँप्लिफायरला जागं करणारी, तुझी निळी म्हणजे उणे १२ व्होल्ट. टेपची पांढरी म्हणजे पुढच्या डाव्या स्पीकरचं एक टोक, तुझ्या जुन्या भावंडांची पांढरी म्हणजे उणे ५. रंगाला रंग जोडत गेले असते तर बाबांचा टेप मी माझ्या हातानं जाळला असता. हिंदी विद्यापीठाच्या या जिल्ह्यात आम्हाला हा धडा भाषेनं आधीच दिलेला आहे. 'शिक्षा' म्हटलं की एकाला शाळा दिसते आणि दुसऱ्याला छडी. 'राजीनामा' हिंदीत तडजोड होते आणि मराठीत नोकरी सोडते. अक्षरं तीच, घरं वेगळी. तुझे आणि टेपचे रंगही असेच दोन घरांचे. टेपच्या पिवळ्या आणि लाल अशा दोन्ही तारा तुझ्या पिवळीला, काळी काळीला, मध्ये फ्यूज, आणि तुझ्या लाल-निळ्याला टेपजवळ फिरकूही द्यायचं नाही, एवढं पक्कं करून मी घरी आले.

टेप बोलला. तू तेव्हा संगणकाच्या पेटीतच होतास. हार्ड डिस्कसाठी असलेला चार पिनांचा एक पांढरा जोड रिकामा होता, त्यातून मी वीज घेतली आणि संगणकाच्या हेडफोनच्या भोकातून आवाज टेपच्या ऑक्समध्ये दिला. आवाज आला, पण माउस हलवला की स्पीकरमधून किर्र. काही फाइल उघडली की टिकटिक. आणि भजनात खंजिरीची पहिली जोरदार थाप पडली, तशी संगणकाची स्क्रीन काळी होऊन तो नव्यानं सुरू झाला.

दोन्ही गोष्टींचं कारण एकच होतं. मी तुझ्या एकाच ताटात दोघांना जेवायला बसवलं होतं. संगणक आणि टेप दोघांचाही करंट त्याच काळ्या तारांतून परत येत होता. संगणकातल्या हालचालींनी त्या तारेत जे बारीक चढउतार व्हायचे, ते टेपला आवाजच वाटायचे, कारण आवाजाच्या तारेची जमीनही तीच. थापेच्या क्षणी टेपनं एकदम मोठा करंट ओढला की बारा व्होल्ट खाली बसायचे आणि संगणक घाबरून परत उभा राहायचा. दोष टेपचा नव्हता, संगणकाचा नव्हता, तुझा तर नव्हताच. ज्याला चालत्या संगणकासोबत गाडीचा अँप्लिफायर लावायचा आहे त्यानं त्याच्यासाठी दुसरा डबा घ्यावा आणि आवाजाच्या तारेत एकास एकचा लहान ऑडिओ ट्रान्सफॉर्मर टाकावा, म्हणजे आवाज जातो आणि दोघांच्या काळ्या तारा अलग राहतात. मी संगणकाला नवा डबा घेऊन दिला आणि तुला बाहेर काढलं. भजनं पेन ड्राइव्हवर भरली. आता टेप एकटा आणि तू एकटा.

बाहेर आल्यावर तू गप्प होतास. बटण चालू, पंखा स्थिर. तुझी रीत अशी की वीज आली तरी तू फक्त जांभळ्या तारेत पाच व्होल्ट जागते ठेवतोस आणि वाट पाहतोस. मदरबोर्डनं हिरवी तार काळीला टेकवली की मगच उठतोस. पेटीवरचं बटण मदरबोर्डला सांगतं, आणि मदरबोर्ड तुला. मी हिरवी आणि काळी यांच्यामध्ये डॅशबोर्डवरचं ते खटक्याचं बटण बसवलं. खटका दाबला आणि पंखा फिरला. बाबा दारात उभे होते. काही बोलले नाहीत, पण आत आले आणि खाटेवर बसले.

मग आवाज वाढवला की बारा व्होल्ट मीटरवर साडेअकराच्याही खाली जायला लागले. काकांना फोन केला. ते म्हणाले, "लालवर भार हाय का?" नव्हता. तुझ्या पिढीचे डबे पाच आणि बारा यांना एकाच लगामानं हाकतात. पाचवर कुणीच बसलं नाही की तुला वाटतं सगळं आलबेल आहे, आणि बाराकडचा ताण तुझ्या लक्षात येत नाही. पाचवर थोडं ओझं दिलं की तू जोर लावतोस, आणि बाराही सावरतात. मी बाबांच्या पेटीतला इंडिकेटरचा बल्ब काढला, १२ व्होल्ट २१ वॅटचा. लाल आणि काळीवर लावला. बाराऐवजी पाच मिळाल्यामुळे तो निखाऱ्यासारखा मंद लागला, साधारण एक अँपिअर ओढत. मीटरवरचा काटा वर सरकला आणि बाराच्या जवळ येऊन थांबला. सहा वर्षांत तो बल्ब एकदाही बदलावा लागलेला नाही, कारण त्याला अर्ध्याहून कमी व्होल्टवर जगायचं आहे.

लोकांचा नेहमीचा प्रश्न: गाडीत चालत्या इंजिनावर १४ व्होल्टच्या वर मिळतात, इथे बाराच, मग आवाज मार खात नाही का? हा हिशेब मी वहीत मांडला आहे, तुलाही सांगते. टेपच्या खोक्यावर '५० वॅट गुणिले ४' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. तो आकडा १४.४ चा वर्ग करून स्पीकरच्या ४ ओहमनं भागल्यावर येतो, ५१.८४. पण ती एका क्षणाची उंची झाली. सलग सुराचा हिशेब याच्या निम्मा, जास्तीत जास्त २६ वॅट. तुझ्या १२ व्होल्टवर तोच हिशेब १८ वॅट देतो. २६ आणि १८ यांत कागदावर मोठा फरक दिसतो, पण कानाचं गणित वेगळं आहे. वॅट दुप्पट झाले तर आवाज ३ डेसिबलनं वाढतो, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. २६ वरून १८ वर येणं म्हणजे दीड डेसिबलच्या आसपास. बाबांनी डोळे मिटून ऐकलं तरी तो फरक सापडायचा नाही.

तुझ्याही कुशीवर मोठ्या अक्षरांत '४५० वॅट' आहे. खाली बारीक तक्त्यात पिवळीसमोर १४ अँपिअर. बारा गुणिले चौदा, १६८ वॅट. माझ्या कामाचा खरा आकडा तो. दोन स्पीकरचे मिळून ३६ वॅट, आणि टेपमधली आयसी गरम होऊन तेवढेच उधळते असं धरलं, तरी ७२. तू अर्धाही वापरला जात नाहीस. म्हणूनच इथल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यातही तुझा पंखा कण्हत नाही. या हिशेबानं मला जे शिकवलं ते टेपपुरतं राहिलं नाही. वस्तूवर मोठ्या अक्षरांत काय आहे ते एक, तिला खरोखर काय जमतं ते दुसरं, आणि आपल्याला किती लागतं ते तिसरं. हे तीन आकडे वेगवेगळे विचारले की बहुतेक नवी खरेदी आपोआप टळते, आणि जुन्या वस्तूवर अन्यायही होत नाही.

स्पीकर पहिल्यांदा नुसते टेबलावर ठेवून लावले तर आवाज पत्र्याच्या डब्यासारखा. गाडीत ते दरवाज्याच्या पोकळीत असायचे. उघड्यावर ठेवला की स्पीकरच्या कागदाची पुढची लाट आणि मागची लाट एकमेकींना भेटून खालचे सूर पुसून टाकतात. मागची लाट कोंडायला हवी होती. आईनं मागच्या उन्हाळ्यातले दोन माठ अंगणात उपडे घातले होते. वर्षभर वापरलेल्या माठाची छिद्रं बुजतात, त्यात पाणी थंड होत नाही, म्हणून दर फाल्गुनात नवा माठ येतो आणि जुना तुळशीच्या मागे जातो. सहा इंची स्पीकर त्याच्या तोंडावर जवळपास नेमका बसला. कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची रबरी पट्टी, तारेसाठी बुडाशी लहान भोक, भोक मेणानं बंद. पण माठ स्वतःच घुमायला लागला, प्रत्येक सुराला त्याचाच 'हूं' लागायचा. आई म्हणाली, "कापूस भर." कपाशीच्या जिल्ह्यातल्या बाईला हेच सुचणार. जुन्या गादीचा पिंजलेला कापूस सैलसर भरला. आतल्या भिंतीवर आपटून परतणारा आवाज कापसात मुरला, आणि माठाचं घुमणं निवळलं.

त्या संध्याकाळी खंजिरी ऐकू आली. झांजेच्या खाली चामड्याचा तो दबका घुमारा. बाबा खाटेवरून उठले आणि माठाच्या पोटाला हात लावून उभे राहिले. म्हणाले, "हां. आता हाय ही."

आता एक गोष्ट, जी हौसेनं तुला हाताळणाऱ्या प्रत्येकानं ऐकावी म्हणून मी उघड पत्रात लिहिते आहे. तू शांत दिसतोस, पण तुझ्या पोटातल्या कंडेन्सरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा असतो आणि वायर भिंतीतून काढल्यावरही तो काही काळ राहतो. तुझं झाकण मी कधी उघडलं नाही आणि ज्याला ते काम येत नाही त्यानं उघडू नये. जुन्या डब्यांच्या मागे ११५ आणि २३० असं लिहिलेलं लाल खटक्याचं बटण असतं, ते आपल्याकडे २३० वरच असलं पाहिजे. आणि अर्थिंग. आमच्या जुन्या घराच्या बोर्डात तिसऱ्या भोकाला तारच नव्हती. तुझ्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या. काही बिघडलं आहे असं मला वाटलं होतं. पण विजेतला कचरा गाळण्यासाठी तुझ्या तोंडाशी जे दोन लहान कंडेन्सर असतात, ते तो कचरा अर्थिंगमध्ये सोडतात. अर्थिंग नसेल तर तुझं सगळं अंग निम्म्या व्होल्टवर तरंगत राहतं. आम्ही न्हाणीघराच्या सांडपाण्याजवळ, जिथे माती बारमाही ओली असते, तिथे खड्डा केला. लोखंडी पाइप, भोवती मीठ आणि कोळशाचे थर, वरून माती. तार आणून बोर्डाला जोडायचं काम परवानाधारक वायरमननं केलं. झिणझिण्या गेल्या. स्पीकरच्या तारांचंही असंच एक पथ्य: गाडीच्या टेपमधली आयसी स्पीकरची दोन्ही टोकं स्वतः ढकलते आणि ओढते, म्हणून स्पीकरची एकही तार काळीला किंवा पत्र्याला टेकवायची नाही. टेकवली की आयसी गेली.

ज्यांच्याकडे गाडीचा टेप नाही, त्यांनाही तुझं दार बंद नाही. आपल्याकडच्या गल्लीबोळात '४४४०' म्हटलं की दुकानदार बोर्ड काढून देतो. ती सान्योची आयसी गाडीच्या व्होल्टसाठीच बनलेली, दोन बाजूंना सहा-सहा वॅट किंवा एकत्र करून एकोणीस. तुझ्या बारा व्होल्टवर याहून थोडं कमी मिळेल, पण एका खोलीला आणि चार माणसांना ते पुरून उरतं.

पुरून उरतं, हे शब्द लिहिताना मी थांबले. आमच्या वर्ध्यात या शब्दांना मोठा इतिहास आहे. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ इथल्या मगनवाडीत सुरू झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे कर्ते. तिथे घाणी, चुली, कागद, मधमाश्या यांच्यावर काम चाले, वनस्पती तेलावर जळणारा 'मगनदीप' तिथलाच. १९३८ मध्ये मगन संग्रहालय उघडलं, आणि ग्रामीण औद्योगिकीकरणाची राष्ट्रीय संस्था आज त्याच मगनवाडीत आहे. लोक समजतात की ही सगळी यंत्राविरुद्धची माणसं होती. मग १९२९ मध्ये चरख्यासाठी जाहीर झालेलं बक्षीस आठवावं. चांगला चरखा बनवणाऱ्याला एक लाख रुपये, अट अशी की त्याची किंमत दीडशे रुपयांच्या वर नको, तो झोपडीत चालावा आणि डागडुजीचा फार खर्च न येता वीस वर्षं टिकावा. ही यंत्राची तपासणी झाली: ते कुणाला परवडतं, कुणाच्या घरात चालतं आणि किती काळ साथ देतं. पुढे कुमारप्पांनी तुरुंगात बसून टिकाऊ अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं, ते १९४५ मध्ये आलं. हे सगळे प्रश्न मी तुला लावून पाहते आणि तू उत्तीर्ण होतोस. जी व्यवस्था तुझ्यासारख्यांना तिसऱ्या-चौथ्या वर्षी फेकते, तीच नापास होते.

शाळेत आम्हाला 'टाकाऊतून टिकाऊ' असायचं. बाटलीचं फूल, खोक्याचा पेन-स्टँड. महिन्याभरात ते पुन्हा कचऱ्यात. कारण त्या वस्तूचं आधीचं काम काय होतं हे कुणी विचारलेलंच नसायचं. तुझ्याबाबतीत मी ते केलं नाही. तुझं काम वीज देण्याचं होतं, आजही तेच आहे, फक्त घास घेणारा बदलला. आणि 'जुगाड' हा शब्दही मला तुझ्यासाठी नको वाटतो. जुगाडात आजचा दिवस निभावला की पुरे असतं. तुझ्यासोबत सहा वर्षं निघाली ती मीटर, फ्यूज, भार आणि अर्थिंग यांच्या जोरावर, आणि एका काकांनी न कंटाळता दिलेल्या ज्ञानाच्या जोरावर. जाणून जोडलेली जुनी वस्तू आणि अंदाजानं जोडलेली जुनी वस्तू यांत घर उजळणं आणि घर जळणं एवढं अंतर आहे.

तुझाही शेवट एक दिवस येईल. तेव्हा तुला भंगारवाल्याच्या पोत्यात टाकणार नाही. तारा जाळून तांबं काढणाऱ्या लोकांचा काळा धूर मी पाहिला आहे, आणि त्या धुरात उभी असलेली मुलंही. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, बनवणाऱ्या कंपन्यांवर पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकणारे. हा कचरा गोळा करण्याची साखळी सेलूसारख्या तालुक्याच्या गावापर्यंत, दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी, पोचली पाहिजे ही माझी मागणी आहे. आणि त्याच्या आधी दुसरी: शाळांमध्ये, आयटीआयमध्ये, ग्रंथालयांत पडून असलेले तुझे भाऊबंद तपासून कुणाला तरी शिकायला मिळोत. बारा व्होल्टवर चालणारं घरात खूप काही आहे. एलईडीच्या पट्ट्या आहेत, वायफायचे राउटर आहेत, फवारणीचे पंप आहेत. एक चांगला डबा, एक मीटर आणि शिकवणारं एक माणूस एवढ्यात गावातल्या पाच पोरांच्या हाताला काम येतं.

आवाजाबद्दल शेवटचं. गणपतीत आणि लग्नसराईत रस्त्यावर डीजेच्या भिंती उभ्या राहतात, खिडक्यांची तावदानं थरथरतात, दवाखान्यातली माणसं कानात बोटं घालतात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. चांगला स्पीकर एका वॅटवर, एक मीटरवरून, ९० डेसिबलच्या आसपास देतो. म्हणजे भजन, बातम्या, किशोरी आमोणकर किंवा ढोलकी, घरात ऐकण्यासाठी एक-दोन वॅटही खूप झाले. तुझे १६८ मी कधी संपवले नाहीत, आणि ते संपत नाहीत याचं मला समाधान आहे.

आता साडेनऊ वाजले आहेत. बाबा आले आहेत. गाडीत बसल्यावर त्यांचा डावा हात जसा न पाहता डॅशबोर्डकडे जायचा, तसाच आजही त्या खटक्याकडे जातो. शेवटचं भजन संपत आलं आहे. ते आवाज थोडा कमी करतात, शेजारच्या घरात लहान बाळ आहे म्हणून. मग खटका. नारिंगी बल्ब विझतो, तुझा पंखा दोन-चार फेरे जास्त घेतो आणि थांबतो.

उद्या सहानंतर भेटू. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझी,
काळी-पिवळीवाल्याची मुलगी
सेलू, जि. वर्धा